पुण्याच्या पेठांत प्रायव्हेट वॉक: गाईड घ्यावा का, आणि घेतलाच तर त्याला काय सांगावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा, की डिसेंबरमधे नागपूरहून तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा असे पाच जण येताय, हातात एक सकाळ आणि फार तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, आईंचे गुडघे दुखतात. एका गाईडने तीन तासांच्या प्रायव्हेट वॉकचे 4500 रुपये सांगितलेत आणि त्यात शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर म्युझियम, त्रिशुंड गणपती आणि फुलेवाडा अशी नऊ ठिकाणं 'कव्हर' करून देतो म्हणालाय. तर एवढी माहिती मोबाईलवर फुकट मिळत असताना हे पैसे द्यावेत का, असं विचारताय.

मी गेली सोळा वर्षं हेच काम करते, आणि जन्म शुक्रवार पेठेतला. म्हणजे माझं उत्तर थोडं एकांगी असणार, ते धरूनच वाचा.

पण पैशांचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य सहज टाकलंय, "बाबा 1971 ते 74 एस. पी. कॉलेजला होते, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचे, पण ते असो." अहो, ते असो कसं? तोच तर तुमचा वॉक आहे! नऊ ठिकाणांच्या यादीत बाबांच्या खोलीच्या आसपासचं एकही ठिकाण नाहीये, विश्रामबागवाडा सोडला तर. खरा प्रश्न गाईड घ्यावा की नाही हा नाहीच, तीन तासात कोणाला काय बघायचंय हा आहे. ते ठरलं की गाईड हवा की नको हे आपोआप कळतं.

आधी यादीचं गणित बघा. शनिवारवाड्यापासून कसबा गणपती, लाल महाल, दगडूशेठ हे सगळं जवळजवळ आहे, तिथून तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा पण फार लांब नाही. पण त्रिशुंड गणपती सोमवार पेठेत एका बाजूला, फुलेवाडा गंज पेठेत दुसऱ्या बाजूला, आणि केळकर म्युझियमला नुसतं आत शिरलात तरी दीड-दोन तास कमीच पडतात, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहे तिथे, दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वाद्यं आहेत, तुमची मुलगी एका अडकित्त्यापाशी दहा मिनिटं उभी राहील आणि तिने राहावंच. हे सगळं तीन तासात म्हणजे प्रत्येक ठिकाणी पोचायचं, फोटो काढायचा, गाईडने पाठ केलेलं म्हणायचं आणि 'चला चला'. गुडघेदुखी असलेल्या माणसाला चालण्यापेक्षा हे 'चला चला'च जास्त दुखतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः करून बसलेय. सुरुवातीच्या वर्षांत इंदूरचं एक मराठी कुटुंब आलं होतं, मी चौदा ठिकाणांची यादी करून घेतली होती, मिनिटांसकट. त्यातल्या आजी सदाशिव पेठेत एका जागी थांबल्या, म्हणाल्या इथे आमच्या मावशीचा वाडा होता. तिथे तेव्हा चार मजली बिल्डिंग होती, खाली मेडिकलचं दुकान. मी म्हटलं हो का, छान, आणि पुढे चालू लागले, कारण मला पुढचं ठिकाण गाठायचं होतं. आजी काही बोलल्या नाहीत, आल्या मागोमाग. शेवटी सगळे खूश, पैसे दिले, फोटो काढले. चार दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला, तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती की आजी दुसऱ्या दिवशी एकट्याच रिक्षा करून तिथे परत गेल्या होत्या आणि बिल्डिंगच्या मागच्या बाजूला तो जुना औदुंबर अजून आहे म्हणून आनंदात होत्या. म्हणजे ज्यासाठी त्या पुण्याला आल्या होत्या ते त्यांना माझ्याशिवाय बघावं लागलं आणि मी बरोबर असताना माझ्यामुळे राहून गेलं. त्यानंतर मी चौदाची यादी बंद केली.

आता मोबाईलवर माहिती फुकट आहे हे शंभर टक्के खरं आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730ला झाली, वास्तुशांत 1732ला, 1828मधे आग लागली आणि आतलं लाकडी सगळं जळून गेलं, हे सांगायला गाईड लागत नाही. तुम्ही दोघंच असतात आणि चालायची हौस असती तर मी म्हटलं असतं सकाळी सात वाजता उतरा, नकाशा उघडा, भरकटा, भूक लागली की मिसळ खा, पैसे वाचवा. पेठांत भरकटण्यासारखं सुख नाही. किंवा नुसतं देवदर्शन आणि तुळशीबागेत खरेदी एवढंच हवं असेल तरी गाईड नको, उलट खरेदीच्या वेळी गाईड बरोबर असला की बिचारा पिशव्या धरून उभा राहतो.

पण तुमच्याबरोबर तीन पिढ्या आहेत आणि तिघांचा वेग वेगळा आहे. ग्रुप वॉकमधे वीस जणांचा एकच वेग असतो. प्रायव्हेटमधे तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते माझ्या मते माहितीचे नाहीतच, ते थांबायचे पैसे असतात, आणि गाळायचे. आई दमल्या तर कुठल्या देवळाच्या सभामंडपात पाच मिनिटं टेकता येतं, कुठल्या वाड्याचा उंबरठा गुडघाभर उंच आहे म्हणून तिथे जायचंच नाही, बाबा बोलायला लागले की आपण गप्प बसायचं, मुलगी कंटाळली की गोष्ट कुठे तोडायची, हे ज्याला कळतं तो गाईड. बाकी तारखा काय, मलाही कधीकधी चुकतात.

दुसरं म्हणजे गोष्टी जोडणं. एक उदाहरण देते, पाण्याचं. शनिवारवाड्यात जाल तेव्हा कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं दिसेल, कोरडं असतं, लोक सेल्फी काढून पुढे जातात. मी तिथे मुलांना विचारते की वीज नाही, पंप नाही, मग पाणी वर उडायचं कसं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळाने पाणी शहरात आणलं, बोगदा एवढा मोठा की काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल, सगळं उतारावर, आणि ते पाणी गावात ठिकठिकाणी हौदांमधे यायचं. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, पंचहौद ही नावं तुम्हाला पत्त्यात अजून ऐकू येतील, तिथले रिक्षावाले पण हीच नावं घेतात. माझ्या आजोळच्या वाड्यातही हौद होता, दगडी, कडेला दोरीने घासून घासून खाचा पडलेल्या, आणि आम्हाला त्याच्या जवळ जायला बंदी. मुलांना त्या खाचांत बोट घालायला सांगितलं की दोनशे वर्षं एका मिनिटात कळतात, तारीख सांगायची गरजच पडत नाही.

आणि मग खरी गोष्ट सुरू होते. हे पाणी सगळ्यांचं होतं का? नव्हतं. कोणी कुठल्या हौदावर यायचं आणि कोणी नाही हे ठरलेलं होतं. म्हणून 1868मधे जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हणून लांब ठेवलेल्या लोकांना खुला केला ही केवढी मोठी गोष्ट होती ते मुलांना तेव्हा समजतं, जेव्हा त्यांनी त्याआधी तासभर पाण्याचा माग काढलेला असतो. नुसतं फुलेवाड्यात नेऊन पाटी वाचून दाखवली तर ती पाटीच राहते. तुमच्या यादीत फुलेवाडा शेवटी आहे, मला खात्री आहे की वेळ संपला म्हणून तोच कापला जाईल, नेहमी तोच कापला जातो. दुसऱ्या दिवशी रिक्षाने निवांत जा. आणि मुलींची शाळा जिथे 1848मधे सुरू झाली तो बुधवार पेठेतला भिडेवाडा शोधत बसू नका, जुनी इमारत स्मारकासाठी डिसेंबर 2023मधे पाडली, दगडूशेठच्या समोरच ती जागा आहे, रांगेत उभ्या असाल तेव्हा मुलीला तिथूनच दाखवा.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. सकाळी फक्त कसबा पेठ आणि शनिवारवाड्याचा दरवाजा, दोन तास. मग रिक्षा. वॉकिंग टूरमधे मधेच रिक्षा केली तर ते फाऊल नाही, उगाच लोक लाजतात. मग नाश्ता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांची सदाशिव पेठ, तासभर. बास.

कसबा का, तर ते पुण्याचं मूळ गाव, बाकीच्या पेठा नंतर वसल्या. आज आपण वारांची नावं सहज घेतो पण शुक्रवार आधी विसापूर होतं, बुधवारचं नाव मोहियाबाद, शनिवारचं मुर्तुजाबाद. कसबा मात्र कसबाच. कसबा गणपती ग्रामदैवत, जिजाऊंनी देऊळ बांधलं अशी परंपरा, विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाचा पहिला. सकाळी आठच्या आत गेलात तर गल्लीत शांतता असते, देवळात आईंना बसता पण येईल.

तिथून पाच-सात मिनिटांवर तांबट आळी. इथे मात्र सकाळी आठला जाऊन उपयोग नाही, काम सुरू झालं पाहिजे, म्हणून आधी गणपती मग आळी. आळी दिसण्याच्या आधी ऐकू येते, ठक ठक ठक, आणि एकाच घरातून नाही, दोन-तीन घरांतून वेगवेगळ्या लयीत. तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर चढवून हातोडीने एकेक ठोका ओळीत मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. भांडं डाव्या हाताने केसभर फिरवायचं, ठोका, परत केसभर, परत ठोका, नजर भांड्यावर असतेच असं नाही, गप्पा चालू असतात आणि ओळ तरी वाकडी होत नाही. ते चकचकीत ठिपके नक्षी म्हणून आपल्याला आवडतात पण त्याचं खरं काम वेगळं आहे, तापवून मऊ केलेलं तांबं ठोक्यांनी कडक होतं, नाहीतर हंडा दोन दिवसात पोचे पडून बसेल. मुलीला विचारू द्या, एखादे काका तिच्या हातात हातोडी देतील पण, पण ते त्यांच्या मर्जीवर. त्यांचा दिवस ठोक्यांवर मोजला जातो, आपण तिथे अर्धा तास फोटो काढत उभे राहिलो तर त्यांचं काम थांबतं. मी नेहमी सांगते एक काहीतरी छोटं विकत घ्या, तांब्या, फुलपात्र, आणि तांब्याचा भाव वजनावर अधिक मजुरी असा असतो त्यामुळे 'जरा कमी करा ना' तिथे फारसं चालत नाही आणि चालवू पण नये. आंबट काही ठेवायचं असेल तर आतून कल्हई केलेलंच घ्या.

शनिवारवाड्यात आईंना आत नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आत काय आहे ते आधी सांगून ठेवा. जोती आहेत, बाग आहे, कारंजं आहे, महाल नाहीयेत. सिनेमे बघून आलेले लोक आत गेल्यावर विचारतात महाल कुठंय, आणि गाईडचा चेहरा पडतो. माझ्या मते वाड्याची सगळ्यात बोलकी जागा बाहेरच आहे, दिल्ली दरवाजा. उत्तरेकडे तोंड, दाराच्या वरच्या भागात लांब अणकुचीदार खिळे. मुलीला विचारा एवढ्या उंचावर कशाला? हत्तीचं कपाळ जिथे येईल तिथे. मग तटाकडे बघायला सांगा, खाली दगड आणि वर वीट, असं का? दगडी किल्ला बांधायचा हक्क फक्त छत्रपतींचा म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि मग वर विटा लावल्या असं सांगतात. ही सांगोवांगीची गोष्ट आहे आणि चांगला गाईड ती 'असं सांगतात' म्हणूनच सांगेल.

यावरूनच गाईड पारखायचा. 4500 जास्त आहेत का कमी, हे पाच जणांचे मिळून आहेत की डोई, तिकिटं त्यात आहेत का, नाश्ता कोणाचा, हे विचाराच. पाच जणांचे मिळून असतील, फक्त तुमचंच कुटुंब असेल आणि तो आधी तुमच्याशी बोलून आखणी करणार असेल तर मला रेट वाजवी वाटतो. नऊ ठिकाणं पळवणार असेल तर 1500 पण जास्त आहेत. पण पैशाच्या आधी दहा मिनिटं फोनवर बोला आणि बघा की तो तुम्हाला प्रश्न विचारतोय का. वयं काय, कोणाला काही त्रास, आधी पुण्याला आलात का, नॉनव्हेज चालतं का, मुलगी कितवीत. जो एकही प्रश्न न विचारता 'सर मी सगळं कव्हर करतो' म्हणतो त्याला नमस्कार.

एक छोटी परीक्षा पण घेता येते. सहज विचारा, लाल महाल मूळचा आहे का हो? शहाजीराजांनी बांधलेला, जिथे महाराजांचं बालपण गेलं आणि पुढे 1663मधे शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो लाल महाल काळाच्या ओघात गेला, आज दिसतो तो महापालिकेने 1980च्या दशकात उभारलेला आहे. हे सांगितल्याने त्या जागेचं महत्त्व काही कमी होत नाही, पण जो माणूस नव्या खिडकीकडे बोट दाखवून 'याच खिडकीतून खान पळाला' म्हणतो तो तुम्हाला दिवसभर असंच बनवणार. दुसरी परीक्षा भुताची. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773ला शनिवारवाड्यात झाला, तेव्हापासून 'काका मला वाचवा' अशा किंकाळ्या येतात वगैरे. दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट प्रचंड आवडेल आणि सांगायला काहीच हरकत नाही, पण पूर्ण तासाचा मसाला तोच असेल तर त्या माणसाकडे दुसरं काही नाहीये असं समजा. आमच्याकडे 'ध' चा 'मा' केला या गोष्टीवर मुलांना कागद-पेन्सिल देतात, 'धरावे'चं 'मारावे' करून बघा म्हणतात, त्यात निदान मुलांचं डोकं तरी चालतं.

परवान्याचं पण विचारलं होतंत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंच्या आत गाईड म्हणून काम करायला ओळखपत्र लागतं, शनिवारवाडा त्यातच येतो. बाहेर गल्ल्यांमधे वॉक घेणारे बरेच जण इतिहासाचे विद्यार्थी, आर्किटेक्ट, नाहीतर माझ्यासारखे पेठेतच वाढलेले असतात, त्यांच्याकडे कार्ड असेलच असं नाही आणि नसलं म्हणून ते वाईट असं पण नाही. मी कार्डवाले रटाळ पण पाहिलेत आणि बिनकार्डाचे सोन्यासारखे पण.

अजून एक, जे लोक विचारत नाहीत. तुमचा गाईड राहत्या वाड्यात नेणार असेल तर आधी तिथल्या माणसांना विचारलंय का? जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराला एक छोटं दार असतं, दिंडी, त्यातून वाकून आत जावं लागतं, आत चौक, ओसरी, सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब, वर केळफुलाची नक्षी, बघायला अप्रतिमच. पण त्या ओसरीवर कोणीतरी आजोबा बनियनवर पेपर वाचत बसलेले असतात आणि ते त्यांचं घर आहे. मी फक्त दोन वाड्यांत नेते, दोन्हीकडे दिवाळीला फराळ घेऊन जाते, आणि ज्या दिवशी ते नको म्हणतात त्या दिवशी बाहेरूनच दाखवते. आईंना आत माडीवर चढवू नका, जिने भिंतीत असतात, अरुंद, उभे, धरायला एक दोर लोंबत असतो, उतरताना गुडघ्यांची वाट लागते. तसंच बुधवार पेठेतल्या एका भागात कॅमेरे घेऊन माणसं बघायला नेणारे वॉक पण निघालेत मधे, ते मला अजिबात पसंत नाहीत, कुठलाही गाईड तसलं काही सुचवायला लागला तर सरळ नको म्हणा.

आता व्यवहाराच्या गोष्टी पटापट. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात तुमचा अर्धा वॉक जाईल. मेट्रोने या, कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्टेशनं आता चालू आहेत, जमिनीखाली खोल आहेत पण लिफ्ट आहेत, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, टॉयलेट पण आहेत. पेठांत बायकांची ही मोठी पंचाईत असते, त्यामुळे नाश्त्याचं हॉटेल पण ते बघूनच ठरवा, चव बघून नंतर. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद, हे विनोद तुम्ही ऐकले असतील, पूर्वीइतकं राहिलं नाही पण भर दुपारी जुन्या पेठांत काही ठेवू नका एवढं खरं. बुधवार-शुक्रवारच्या गर्दीत आईंचा हात सोडू नका, फुटपाथ नावापुरते आहेत.

मंडई मात्र सकाळी वेळ मिळाला तर बघाच, मेट्रोतून वर आलात की समोरच. 1886मधे उघडली, तेव्हाचं नाव रे मार्केट, मधे अष्टकोनी मनोरा आणि चहूकडे फुटलेल्या लांब पाखा, आत विक्रेते उंच ओट्यावर बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं राहतं, भाव करताना आपणच वर बघून बोलतो. त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. गंमत म्हणजे जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. बाबांना ही गोष्ट आवडेल असं वाटतं.

आणि आता बाबा. 1971ला ते आले तेव्हा पानशेतच्या पुराला दहा वर्षं होत होती, 12 जुलै 1961च्या त्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले, उरलेले त्यांच्या काळात उभे होते आणि नंतर एकेक करत बिल्डिंगा झाल्या. त्यामुळे त्यांची खोली सापडेल असं वचन कुठल्याच गाईडने देऊ नये. पण शोधायची एक पद्धत आहे. त्यांना पत्ता विचारू नका, घरनंबर त्यांना आठवणार नाही आणि आठवला तरी आता उपयोगाचा नसेल. विचारायचं असं, की जवळचा देव कुठला होता? कारण पेठेत पत्ता देवावरून असतो. भिकारदास मारुती का खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा का चिमण्या गणपती, का नागनाथ पार? ही नावं ऐकून तुमची मुलगी हसून लोळेल, तिला सांगा जिलब्या मारुती पण आहे. खाणावळीत जाताना वाटेत काय लागायचं? कॉलेजला टिळक रोडने जायचे का आतून गल्लीबोळातून? सकाळी पेपर कुठे वाचायचे? सिनेमाला प्रभातला जायचे की विजयला? रात्री उशीर झाला तर दार कोण उघडायचं आणि काय म्हणायचं? हे सगळं गाडीत येताना विचारा, नागपूर ते पुणे भरपूर वेळ असतो, आणि मुलीला वहीत लिहून घ्यायला लावा. ती वही गाईडला आदल्या दिवशी फोटो काढून पाठवा. चांगला असेल तर तो संध्याकाळी स्वतः एक चक्कर मारून येईल. सदाशिव पेठेत एखाद्या जुन्या वाण्याला नाहीतर किराणावाल्याला विचारलं की 'हां, त्या अमक्यांच्या वाड्यात विद्यार्थी असायचे' असं निघतंच बऱ्याचदा.

तिथे पोचलात की गाईडला सांगा, आता अर्धा तास तुम्ही बोलू नका. मी असते तर एखाद्या पाराच्या कट्ट्यावर सगळ्यांना बसवलं असतं, समोरून अमृततुल्यचा चहा मागवला असता आणि बाबांना नुसतं विचारलं असतं, तेव्हा चहा केवढ्याला होता?

अजून काही अडलं तर विचारा, मार्ग आखून द्यायला मला पैसे लागत नाहीत. आणि बूट नका घालू कोणी, काढघाल करायला सोप्या चपला घाला, पाच देवळं म्हणजे पाच वेळा नाड्या, आणि वाकायचं कोणाला, तर आईंना.